महिन्याला किती लागतात?

‘घराला महिन्याला साधारण किती लागतात?’ हा प्रश्न आयुष्याच्या मोठ्या वळणांवर हमखास समोर येतो. घरकर्ज मागायला गेलं की बँकेतला माणूस तो विचारतो. निवृत्ती जवळ आली की आपणच स्वतःला विचारतो. मुलगी परगावी शिकायला निघाली की घरात त्याची चर्चा होते, आणि नवरा-बायको वेगळे व्हायचं ठरवतात तेव्हा तो वकिलाच्या टेबलावर येतो. उत्तरही चटकन मिळतं. पस्तीस, चाळीस, साठ. पुढे ‘हजार’ म्हणायचीही गरज पडत नाही. पण हा आकडा आला कुठून, असं विचारलं की बोलणं अडखळतं. बहुतेक घरांत तो गेल्या एक-दोन महिन्यांच्या आठवणीवर बेतलेला असतो. त्यात वर्षातून एकदा जाणारा विम्याचा हप्ता नसतो, शाळेची फी नसते, भाचीच्या लग्नातला आहेर नसतो.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘हिशेब’ हा विषय दिला, तेव्हा मी या एकाच आकड्याच्या मागे जायचं ठरवलं. घरखर्चाची मासिक सरासरी खरोखर कशी काढतात, ते पाहायचं होतं. डायरी लिहिणारी घरं भेटली, मोबाइलवरच्या ॲपवर विसंबणारी भेटली. पण सर्वांत जास्त विचार करून ही सरासरी काढणारी माणसं भेटली ती साध्या मजकुराच्या फाइलीत जमाखर्च लिहिणारी. ना एक्सेल, ना टॅली. कुठल्याही संगणकावर उघडेल अशी एक फाइल, तीत तारीखवार नोंदी, आणि त्या वाचून उत्तरं देणारा एक फुकट मिळणारा प्रोग्राम.

कीर्द माणसाची, खतावणी यंत्राची

अशांपैकी एक घर पुण्यातल्या कोथरूडमधलं, चार माणसांचं. तो सॉफ्टवेअरच्या नोकरीत, ती शाळेत गणित शिकवते, मुलगा आठवीत, आणि मुलाची आजी, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्याची आई. २०१९च्या एप्रिलपासून या घराचा पै-पैचा हिशेब एका फाइलीत आहे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याने मला ती दाखवली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि त्यात चक्क मराठी खाती. फाइलीत आकडे इंग्रजी अंकांत असतात; एक नोंद इथे देवनागरी अंकांत देते:

२०२५-०९-१४ वाण्याचं सामान
    खर्च:घर:किराणा        ₹२,३४०
    मालमत्ता:बँक:बचत      ₹-२,३४०

पहिल्या ओळीत तारीख आणि तपशील. खाली पैसा कुठे गेला आणि कुठून गेला. दोन्ही रकमांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. नाही आली तर प्रोग्राम ती नोंद स्वीकारत नाही. दोनपैकी एक रक्कम लिहायची राहिली तरी चालतं, ती तो स्वतः भरून घेतो. खात्याच्या नावातल्या अपूर्णविरामांमुळे खात्यांची उतरंड तयार होते: खर्चाखाली घर, घराखाली किराणा. मग हवं तेव्हा एकट्या किराण्याचा आकडा विचारता येतो किंवा सगळ्या घरखर्चाचा.

या पद्धतीची सुरुवात २००३ साली जॉन विग्ली या प्रोग्रामरने लिहिलेल्या ‘लेजर’पासून झाली. २००७मध्ये सायमन मायकेलने त्याच धर्तीवर ‘एचलेजर’ सुरू केला. मार्टिन ब्ले यांचा ‘बीनकाउंट’ हा तिसरा. तिन्ही खुल्या परवान्याचे. कोथरूडच्या घरात एचलेजर चालतो. त्याला रुपयाची आपली मांडणी समजते: सुरुवातीला एकदा नमुना दाखवला की तो लाख-कोटींचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने टाकतो. खात्यांची नावं मराठीत ठेवली, तर कोणतं खातं खर्चाचं, कोणतं मालमत्तेचं, हे एकदा जाहीर करावं लागतं, कारण नावावरून प्रकार ओळखण्याची त्याची सोय इंग्रजी शब्दांपुरती आहे.

आपल्या जुन्या हिशेबपद्धतीत रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी. दिवसभराचे व्यवहार घडतील तसे कीर्दीत उतरवायचे आणि मग खातेवार खतावून घ्यायचे. पेशव्यांच्या दप्तरात रोजकिर्दींचे ढीग आहेत. १४९४मध्ये व्हेनिसला छापलेल्या लुका पाचोलीच्या ग्रंथातही व्यापाऱ्याने आधी रोजची वही लिहावी आणि मग खात्यांवर न्यावी, असाच क्रम आहे. यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि चुकांना जागा देणारं काम खतावण्याचं. साध्या मजकुराच्या हिशेबात माणूस फक्त कीर्द लिहितो. खतावणी कुठेही साठवलेली नसते. प्रश्न विचारला की प्रोग्राम सगळी कीर्द वाचतो आणि त्या प्रश्नापुरती खतावणी मांडतो. कालचा प्रश्न वेगळा असेल तर आजची मांडणी वेगळी. सहा वर्षांच्या नोंदी तशाच्या तशा असतात; त्यांच्याकडे पाहण्याची रीत मात्र रोज बदलता येते. मासिक सरासरीसाठी हीच गोष्ट मोलाची ठरते.

भागायचं कितीने?

त्याने आज्ञा टाइप केली: एचलेजर, बॅलन्स, खात्याचं नाव ‘खर्च’, पुढे ‘मंथली’ आणि ‘ॲव्हरेज’ या दोन खुणा. पडद्यावर महिन्यांचे स्तंभ उभे राहिले आणि उजव्या टोकाला सरासरीचा स्तंभ. मला वाटलं, लेख इथेच संपला.

ती म्हणाली, “थांबा, आता खरं गणित सुरू होतं. बेरीज मशीन करतं, ती चुकत नाही. भागायचं कितीने, ते आपण ठरवायचं असतं.”

तिने वही ओढली. समजायला सोपे म्हणून गोल आकडे घेतले. समजा, वर्षभरात औषधपाण्यावर तीनच महिन्यांत खर्च झाला: एकदा ४,२००, एकदा १,८००, एकदा ६,०००. एकूण १२,०००. ज्या महिन्यांत खर्च झाला तेवढेच मोजले तर सरासरी ४,०००. बारा महिने मोजले तर १,०००. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. ‘दवाखाना निघाला तर साधारण किती लागतात’ याचं उत्तर पहिला देतो. ‘औषधपाण्यासाठी दर महिन्याला किती बाजूला ठेवू’ याचं दुसरा. वर्षाचं अंदाजपत्रक करताना पहिला आकडा घेतला तर खर्च चौपट दिसेल.

म्हणून शून्याचा महिना हाही महिना आहे, हे या प्रोग्रामना सांगावं लागतं किंवा त्यांनी ते गृहीत धरलंय का, हे तपासावं लागतं. लेजरमध्ये महिनेवार यादी मागितली तर ज्या महिन्यात नोंद नाही तो महिना यादीत येतच नाही. ‘एम्प्टी’ ही खूण दिली की येतो. एचलेजरमध्ये एका खात्याची चालती सरासरी मागितली की कोरे महिने आपोआप धरले जातात. पण महिन्यांचे स्तंभ मांडणाऱ्या अहवालात सुरुवातीचे आणि शेवटचे पूर्ण कोरे स्तंभ तो ‘एम्प्टी’ दिल्याशिवाय दाखवत नाही. एकट्या औषधांच्या खात्याचा अहवाल मागताना नेमका हाच फरक पडतो: आजारपण जूनमध्ये सुरू झालं असेल, तर एप्रिल आणि मे गळतात आणि सरासरी वर चढते. बीनकाउंटमध्ये एसक्यूएल या माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या वळणाने खात्याची एकूण रक्कम विचारायची आणि महिन्यांच्या संख्येने स्वतः भागायचं, असा मार्ग पुष्कळ जण घेतात. श्रम जास्त, पण आपण कितीने भागतो आहोत ते डोळ्यांसमोर राहतं.

दुसरी खोच चालू महिन्याची. समजा, घराला दरमहा ४०,००० लागतात, आणि आज ऑक्टोबरची १० तारीख. आतापर्यंत १२,००० गेले. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर अशी सरासरी मागितली तर ९२,०००ला तीनने भागून ३०,६६७ येतात. खर्च कमी झाल्याचं समाधान वाटतं, आणि ते खोटं असतं, कारण अर्धाही न झालेला महिना पूर्ण महिना म्हणून मोजला गेला. उपाय सोपा: अहवालाची शेवटची तारीख सांगायची. तिथेही एक नियम लक्षात ठेवावा लागतो. या प्रोग्राममध्ये सुरुवातीची तारीख धरली जाते, शेवटची धरली जात नाही. सप्टेंबरअखेरपर्यंतचा हिशेब हवा असेल तर शेवट म्हणून १ ऑक्टोबर द्यायचा.

दोन दिवाळ्यांचं वर्ष

बारा महिने घेतले की सगळं सुरळीत होतं, असं मला वाटत होतं. त्याची आई तोवर भाजी निवडत ऐकत होती. त्या म्हणाल्या, “अरे, गेल्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती, यंदा ऑक्टोबरात. तुझ्या बारा महिन्यांत दोनदा फराळ आला की काय?”

आला होता. २०२४चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं, २०२५चं २१ ऑक्टोबरला. म्हणजे १ नोव्हेंबर २०२४ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या नेमक्या बारा महिन्यांत दोन लक्ष्मीपूजनं येतात. दोन भाऊबिजा येतात, आणि दुसऱ्या दिवाळीची खरेदी, बोनस, कामवाल्या मावशींची दिवाळी, सगळंच त्यात येतं. याउलट २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. १ नोव्हेंबर २०२५ ते ३१ ऑक्टोबर २०२६ या बारा महिन्यांत एकही लक्ष्मीपूजन नाही. एकाच घराची, एकाच राहणीमानाची ही दोन लागोपाठची वर्षं शेजारी ठेवली, तर घर काटकसरीला लागलं असं वाटेल.

कारण पंचांगात आहे. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून सण दरवर्षी अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. लक्ष्मीपूजन ते लक्ष्मीपूजन मोजलं तर २०२४ ते २०२५ हे अंतर ३५४ दिवसांचं भरतं आणि पुढचं ३८३ दिवसांचं. ईद अधिक मासाशिवाय चालते, ती वर्षागणिक सुमारे ११ दिवस अलीकडेच येत राहते. ज्या घरात रमजानचा खर्च मोठा, त्या घराला हा हिशेब आणखी जपून करावा लागतो.

व्यापाऱ्यांनी यावर आपल्या पद्धतीने तोड काढली होती. ती पाहायला मी पुण्याच्या रविवार पेठेत गेले. लाल कापडी बांधणीच्या लांबट चोपड्या अजून मिळतात. दुकानदार सांगत होते की आता बहुतेक गिऱ्हाइकं पूजेपुरती एक वही नेतात, खरा हिशेब संगणकावर. पण वहीचं वर्ष पाडव्याला सुरू होतं हे त्यांच्या बोलण्यात अजून पक्कं आहे. पाडवा ते पाडवा मोजलं की प्रत्येक वर्षात एकच दिवाळी येते. फक्त वर्षाची लांबी कमी-जास्त होते, म्हणून अशा वर्षाला बाराने भागून चालत नाही. एकूण खर्चाला दिवसांनी भागून दिवसाचा खर्च काढायचा आणि त्याला महिन्याच्या सरासरी लांबीने, म्हणजे ३०.४४ने गुणायचं.

घरासाठी मात्र एप्रिल ते मार्च सगळ्यात सोयीचं. दिवाळी कितीही सरकली तरी ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपासच राहते, त्यामुळे प्रत्येक आर्थिक वर्षात एकच येते. प्राप्तिकराचं वर्ष तेच आणि नोकरदारांची पगारवाढही बहुतेक वेळा त्याच सुमारास. आईंच्या प्रश्नानंतर कोथरूडच्या घरात ‘मागचे बारा महिने’ हा अहवाल बंद झाला आणि ‘मागची पूर्ण आर्थिक वर्षं’ सुरू झाला.

खर्च कशाला म्हणायचं?

भागाकार ठरला, आता वर काय लिहायचं? मोबाइलवरची ॲपं बँकेच्या संदेशांवरून ‘खर्च’ मोजतात. खात्यातून पैसे गेले की खर्च झाला, असा त्यांचा ढोबळ समज. पैसा कुठून गेला आणि कुठे गेला हे दोन्ही लिहिणाऱ्या दुहेरी नोंदीत पैसा जातो तिथे एक खातं उघडं असतं, त्यामुळे तो कुठल्या जातीच्या खात्यात गेला हे ठरवल्याशिवाय नोंद पुरीच होत नाही.

क्रेडिट कार्डाचं बिल भरणं हा खर्च नाही. खर्च कार्ड वापरलं त्या दिवशीच लिहिला गेलाय. बिल भरणं म्हणजे देणं फेडणं. दोन्ही मोजले तर तीच साडी दोनदा विकत घेतल्यासारखं होतं. म्युच्युअल फंडाचा दरमहाचा हप्ता हाही खर्च नाही, पैसा एका खिशातून दुसऱ्यात गेला. घरभाड्याची अनामत परत मिळणारी आहे, ती येणं म्हणून लिहायची.

गृहकर्जाचा हप्ता दोन भागांचा असतो. समजा ३०,००० पैकी २१,००० व्याज आणि ९,००० मुद्दल. हिशेबाच्या भाषेत खर्च २१,०००च; मुद्दलाने कर्ज कमी होतं. पण महिन्याला हातातून ३०,००० जातात हेही खरंच. इथे घराला दोन सरासऱ्या लागतात. ‘आपण किती खाऊन-पिऊन संपवतो’ याची एक, ‘नोकरी गेली तर दरमहा किती रोकड लागेल’ याची दुसरी. पहिलीसाठी खर्चाची खाती विचारायची, दुसरीसाठी त्यात कर्जाच्या मुद्दलाचं खातं मिळवायचं. कीर्द तीच राहते.

मग वर्षातून एकदाच जाणारे पैसे. आरोग्यविम्याचा हप्ता, समजा २४,०००, जूनमध्ये जातो. एप्रिल ते सप्टेंबरची सरासरी पाहिली तर विम्याला दरमहा ४,००० दिसतात, ऑक्टोबर ते मार्च पाहिली तर शून्य. वर्षभराची पाहिली तरच २,०००. कोथरूडच्या घरात यावर एक जुनीच व्यापारी युक्ती वापरतात. जूनमध्ये हप्ता भरला की तो थेट खर्चात न टाकता ‘आगाऊ भरलेला विमा’ या मालमत्तेच्या खात्यात ठेवतात आणि तिथून दरमहा २,००० खर्चात उतरवतात. कोणताही महिना उघडला तरी विमा दिसतो. शाळेची फी, मालमत्ता कर, सोसायटीचं वार्षिक शुल्क, सगळ्यांना हेच लागू. यात नोंदींचं काम वाढतं. ज्यांना वर्षाचीच सरासरी पुरते त्यांनी या भानगडीत पडायची गरज नाही.

दुधाचा प्रश्न याच जातीचा. सप्टेंबरचं दूध, पैसे ऑक्टोबरच्या पाच तारखेला, आणि त्यातून खाडे वजा. बारा महिन्यांच्या सरासरीत हा फरक विरून जातो, पण दोन महिन्यांची तुलना करताना विरत नाही. म्हणून या घरात दूध ज्या महिन्याचं, त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला ‘दूधवाल्याचं देणं’ म्हणून लिहितात. खाड्यांची नोंद कॅलेंडरवर आईच ठेवतात. त्यांच्या गोल खुणांवरून फाइलीत रक्कम जाते.

देशाच्या हिशेबातही हाच पेच

जे एका घरापुढे, तेच मोठ्या प्रमाणावर देशापुढे. भारतात कुटुंबांच्या खर्चाची पाहणी १९५०पासून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण करत आलंय. पाहणी करणारा दारात उभा राहतो आणि विचारतो, अमुक गोष्टीवर किती खर्च केलात? पण किती दिवसांतला? हा कालावधी बदलला की आकडा बदलतो. भाजी-फळांबद्दल ३० दिवसांचं विचारलं तर लोक विसरतात. ७ दिवसांचं विचारलं तर जास्त खर्च नोंदला जातो. कपडे आणि टिकाऊ वस्तूंचं उलट आहे. महिन्याभरात बहुतेक घरांत फ्रीज घेतला जात नाही, म्हणून तिथे ३६५ दिवस विचारावे लागतात. १९९९-२०००च्या फेरीत खाद्यपदार्थांसाठी ७ आणि ३० असे दोन्ही कालावधी त्याच कुटुंबांना विचारले गेले. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली, आणि देशातली गरिबी खरोखर किती घटली यावर अर्थतज्ज्ञांमध्ये बरीच वर्षं वाद चालला.

आताच्या पद्धतीत तिन्ही कालावधी वापरतात: नाशवंत पदार्थांसाठी ७ दिवस, धान्य-इंधनासारख्यांसाठी ३०, कपडे, शिक्षण, रुग्णालय, टिकाऊ वस्तूंसाठी ३६५. मग सगळं महिन्यावर आणतात. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४च्या पाहणीत दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. ऑगस्ट ते जुलै या वर्षातही दिवाळी एकदाच येते. आपल्या घराची सरासरी या आकड्याशी ताडून पाहायची असेल तर माणशी भागायला विसरू नये.

पाहणीतल्या कुटुंबाला आठवणीवर विसंबावं लागतं. कीर्द असलेल्या घराला त्याची गरज नाही. त्याला ७, ३० आणि ३६५ दिवसांचे तिन्ही प्रश्न एकाच फाइलीला विचारता येतात.

रविवारच्या नोंदी

सरासरीची सगळी इमारत नोंदीच्या सवयीवर उभी आहे. कोथरूडच्या घरात रोज रात्री नोंदी होत नाहीत. रविवारी सकाळी होतात. बँकेकडून व्यवहारांची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली, फाइल उतरवून घेतात. कुठल्या नावाचा व्यवहार कुठल्या खात्यात टाकायचा, याचे नियम एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवलेत, त्यामुळे वीजबिल, फोन, पेट्रोल आपोआप लागतं. यूपीआयमुळे व्यवहार दिसतात खरे, पण समोर नाव एखाद्या व्यक्तीचं असतं. तो भाजीवाला की रिक्षावाला की मित्राला परत दिलेले पैसे, हे माणसालाच सांगावं लागतं, आणि चार दिवसांनी ते आठवत नाही. म्हणून ती यूपीआयने पैसे देतानाच टिपेच्या जागी एक शब्द लिहिते.

रोकडीचा मार्ग जुनाच. महिन्यातून एकदा पाकीट आणि डबा मोजायचा, आणि फाइलीत ‘या तारखेला शिल्लक इतकी असलीच पाहिजे’ असं लिहायचं. बँकेच्या शिल्लकेबाबतही तेच. हिशेब जुळला नाही तर प्रोग्राम अहवाल द्यायचं थांबवतो आणि कुठे जुळत नाही ते दाखवतो. न सापडलेली रक्कम ‘किरकोळ, अज्ञात’ खात्यात जाते. ते खातं किती फुगलंय, यावरून सरासरीवर किती विसंबायचं ते कळतं.

या फाइलीत घराचं सगळं खाजगी आयुष्य आहे: कुणाचा दवाखाना, कुणाला उसने, कुठे देणगी. ती कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नाही, याचं त्या दोघांना मोल वाटतं. उद्या एचलेजर बंद पडला तरी फाइल डोळ्यांनी वाचता येते, आणि तिसऱ्या कुणाला दुसरा प्रोग्राम लिहून ती पुन्हा मोजता येते. आणि ती दोघांना उघडता येते. घरातला पैशाचा कारभार एकट्यालाच ठाऊक असणं, आणि तो माणूस अचानक गेल्यावर मागे राहिलेल्या बाईने कपाटातले कागद चाळत बसणं, हे आपल्या अनेक घरांत घडलेलं आहे.

साठीनंतर दरमहा किती लागतील, अडचणीसाठी किती महिन्यांचे पैसे बाजूला ठेवावेत, आईवडिलांना किती पाठवावेत, हे निर्णय सरासरीवर उभे असतात, आणि ती चुकली तर त्याची किंमत घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला मोजावी लागते. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘महिन्याला किती लागतात’ असं विचारलं, तर आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहून द्याव्यात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोजलं, काय खर्च धरलं आणि काय नाही, आणि कितीने भागलं. त्या लिहिता येत नसतील, तर तो आकडा अंदाज समजावा आणि त्यावर कर्ज काढू नये. संगणक नसला तरी हे जमतं. दोनशे पानी वही आणि एप्रिल ते मार्चची सवय पुरते. सुरुवातीसाठी एप्रिलची वाट पाहायलाही नको. या आठवड्यात फराळाच्या सामानाला, आकाशकंदिलाला, भाऊबिजेच्या ओवाळणीला जे लागेल, ते तारीख घालून लिहायला लागावं.